अत्तर आणि स्प्रे: अंगावर लावल्यावर वास का बदलतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रविवार पेठेतल्या आमच्या छोट्या दुकानात आधी माझे सासरे बसायचे, आता मी बसते. कुप्यांचे आकार बदलले, काचेच्या बुचाच्या कुप्या जाऊन रोल-ऑन आले, स्प्रेची फडताळं वाढली. प्रश्न मात्र बरेचसे तेच राहिले. गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत खाली दिले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट निघते: वास उलगडायला वेळ लागतो आणि आपण तो पहिल्या दोन मिनिटांत पारखायला जातो.

दुकानात आवडलेला स्प्रे घरी पोचेपर्यंत वेगळाच वाटायला लागला. बाटलीत काही गडबड आहे का?

बाटली ठीक आहे. स्प्रेमध्ये बहुतांश भाग अल्कोहोलचा असतो आणि त्यात अनेक सुगंधी घटक विरघळलेले असतात. प्रत्येकाचा उडून जायचा वेग वेगळा. फवारल्याबरोबर आधी अल्कोहोल उडतं. म्हणूनच कातडीला गार लागतं आणि नाकात झणका बसतो. त्याच्यासोबत लिंबू, संत्र्याची साल, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ) असे हलके वास उठतात. त्यांतलं लिमोनिन पटकन हवेत जातं, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांत त्यांचा जोर ओसरतो. मग फुलं आणि मसाले पुढे येतात: गुलाब, मोगरा, वेलदोडा, लवंग. हा भाग दोन-तीन तास चालतो. शेवटी उरतात ते जड रेणू: चंदन, वाळा, पाच (पॅचुली नावाची सुगंधी पानं), व्हॅनिला आणि कस्तुरीच्या जातीचे वास. हे संध्याकाळपर्यंत राहतात, सुती कापडावर तर दुसऱ्या दिवशीही सापडतात. धंद्यातले लोक या तीन टप्प्यांना टॉप, हार्ट आणि बेस नोट म्हणतात.

स्वयंपाकघरात हे रोज घडतं. फोडणी पडली की हिंगाचा वास जिन्यापर्यंत जातो, आमटीचा वास मागून येतो आणि रात्री ओट्याजवळच्या पडद्याला नाक लावलं तर तिसराच वास असतो. पातेलं एकच होतं.

स्प्रे बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं की गिऱ्हाईक दुकानात जेमतेम दहा मिनिटं थांबतं, म्हणून त्या दहा मिनिटांवर ते खूप मेहनत घेतात. आमचं सांगणं असं: एका मनगटावर एकच फवारा घ्या, बोहरी आळीतली, तुळशीबागेतली कामं उरकून या आणि दोन तासांनी त्याच मनगटाचा वास घेऊन मगच पैसे द्या. त्या दोन तासांत न आवडलेला वास पुढे सहा तास तुमच्यासोबत राहणार असतो.

अत्तरही असंच बदलतं का?

बदलतं, पण चाल वेगळी असते. अत्तरात अल्कोहोल नसतं, त्यामुळे सुरुवातीचा उसळणारा झणका नसतो. जुन्या पद्धतीच्या अत्तराचा पायाच चंदनाच्या तेलाचा असतो आणि चंदन जड. ते फुलाच्या हलक्या रेणूंना धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. म्हणून अत्तर लावल्यावर पहिली काही मिनिटं मुकं वाटतं. अंगाची ऊब लागली की पंधरा-वीस मिनिटांनी ते बोलायला लागतं.

स्प्रे खोलीभर जातो, अत्तर हातभर अंतरात राहतं. ज्यांना दारातून आत शिरल्याबरोबर लोकांना कळायला हवं असतं, त्यांना अत्तर निराश करतं. ज्यांना शेजारी बसलेल्यालाच कळावं असं वाटतं, त्यांना त्यासारखं दुसरं काही नाही. मला स्वतःला अत्तरच आवडतं, हे सांगून टाकते; खालची उत्तरं वाचताना ते लक्षात असू द्या.

सकाळी लावलेलं मला अकरा वाजता येईनासं होतं. टिकत नाही का?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि बहुतेक वेळा वास जागेवरच असतो. थकलेलं असतं नाक.

नाकाच्या आत वरच्या बाजूला वास ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार काम करतात. रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ मध्ये त्यांची जनुकं शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एकच वास सतत येत राहिला की हे ग्राहक आणि त्यामागचा मेंदू दोघेही त्याची दखल घेणं कमी करतात. शरीराच्या दृष्टीने हे सोयीचं आहे. नाक नव्या वासासाठी, जळक्या वासासाठी, नासलेल्या दुधासाठी मोकळं राहतं. मंडईत भाजीच्या गाळ्यावर दिवसभर बसणाऱ्याला कोथिंबिरीचा वास येत नाही, तसंच हे.

एक आजोबा माझ्याकडे हिना परत करायला आले होते. "अर्ध्या तासात गायब होतं," म्हणाले. ते बोलत असताना मला काउंटरच्या या बाजूला हिन्याचा वास स्वच्छ येत होता. मी त्यांच्या सोबत आलेल्या नातीला विचारलं. ती म्हणाली, "आजोबा जिन्यातून गेले की आम्हाला घरात कळतं." कुपी ते परत घेऊन गेले.

तपासायचं असेल तर दहा मिनिटं गच्चीत किंवा गॅलरीत मोकळ्या हवेत उभे राहा आणि मग मनगट हुंगा. त्याहून सोपं म्हणजे घरातल्या माणसाला विचारा. नाकाला येत नाही म्हणून दिवसातून चार वेळा लावत राहिलात तर बसमध्ये शेजारच्याला त्रास होतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरीही एक शक्यता आहे. हल्ली वापरल्या जाणाऱ्या कस्तुरीसदृश रेणूंपैकी काही रेणू काही लोकांना मुळातच जाणवत नाहीत. बाकी सगळे वास नीट येतात, तेवढाच येत नाही. हा दोष नाही, जन्मजात फरक आहे. अशा माणसाला कस्तुरीवर आधारलेला स्प्रे दोन तासांत संपल्यासारखा वाटतो आणि त्याच्या बायकोला रात्रीपर्यंत येत असतो. तुम्ही त्यांतले असाल तर वाळा, पाच किंवा चंदन पायाला असलेलं काहीतरी घ्या.

माझ्या बहिणीच्या अंगावर जे छान लागतं ते माझ्यावर आंबूस का लागतं?

कातडीचा फरक खरा असतो. तेलकट कातडी सुगंधी घटक धरून ठेवते. कोरड्या कातडीवरून ते लवकर उडतात आणि मग वरचे ताजे वास निघून जाऊन खालचे एकदम उघडे पडतात. अंगाची ऊब, घाम, घामावर वाढणारे जिवाणू आणि आंघोळीचा साबण हे सगळं त्यात मिसळतं. सुगंधी साबण, सुगंधी पावडर, केसांना सुगंधी तेल आणि वर स्प्रे असे चार वास एकमेकांत गेले तर दोष स्प्रेला देता येणार नाही.

आपल्याकडे चैत्रात देवाला वाहतात त्या दवण्याच्या तेलाबद्दल सुगंधाच्या धंद्यात पूर्वीपासून सांगतात की ते प्रत्येकाच्या अंगावर वेगळं लागतं. मीही तीन मैत्रिणींच्या हाताला एकाच कुपीतलं लावून पाहिलं आहे: एकीवर फळासारखं गोड, एकीवर जवळजवळ दारूसारखं, तिसरीवर ओल्या पानासारखं.

तरी सगळा दोष कातडीवर टाकू नये. पुष्कळदा बहिणीच्या अंगावरचा वास आपण हातभर अंतरावरून घेतो आणि स्वतःचा मनगटाला नाक चिकटवून. जवळून घेतलेला कुठलाही वास जड आणि उग्रच लागतो.

पुण्याच्या हवेत कुठल्या ऋतूत काय लावावं?

एप्रिल-मेमध्ये पुण्यातली दुपार कोरडी आणि तापलेली असते. उष्णतेने सगळंच भराभर उडतं, म्हणून तीव्र, गोड, व्हॅनिलाचे स्प्रे अशा दुपारी घशाशी येतात. या दिवसांत वाळा लावा. वाळ्याचा वास थंड वाटतो, ओल्या मुळांचा असतो आणि तो जड असल्यामुळे उन्हातही टिकून राहतो. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या आणि खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारणाऱ्या लोकांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. केवडा आणि गुलाबही उन्हाळ्यात चालतो.

पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो आणि वास नाकाला जास्त जाणवतो. त्यात घाम सुकत नाही, कपडे कुबट होतात. दमट कपड्यावर स्प्रे मारून तो कुबटपणा झाकला जात नाही, दोन्ही मिळून तिसरंच काही तयार होतं. कपडा आधी नीट वाळवा, जमलं तर इस्त्री करा. जुलैत थोडंच लावा: एक फवारा, किंवा अत्तराचा एक स्पर्श.

थंडीत पहाटे गारठा असतो आणि कातडी फुटते. वास उडतच नाही म्हटलं तरी चालेल. हिना, शमामा, अंबर, केशर असले जड आणि मसालेदार वास आपले रंग दाखवतात ते डिसेंबर-जानेवारीतच. उन्हाळ्यात नकोशी वाटलेली कुपी फेकू नका, थंडीत पुन्हा उघडा.

मी स्कूटरवर जाते. कॉलेजला पोचेपर्यंत सगळं उडून जातं. काय करू?

वारा लागला की बाष्पीभवन वाढतं आणि वास अंगाभोवती साठत नाही, मागे जातो. त्यामुळे मनगटावर लावू नका, हँडलवरचं मनगट सतत वाऱ्यात असतं. कपड्याच्या आत, छातीवर किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा. नाहीतर लहान कुपी सॅकमध्ये ठेवा आणि पोचल्यावर लावा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: तोंडाला बांधायच्या स्कार्फवर स्प्रे मारू नका. अर्धा तास तुम्ही फक्त तेच श्वासात घेत राहाल. डोकं दुखतं आणि दम्याचा त्रास असेल तर धोकाही आहे. हेल्मेटच्या अस्तरावरही नको.

अत्तर कुठे आणि किती लावावं?

कानामागे, मानेवर, मनगटाच्या आत, कोपराच्या वळणात. तिथे कातडी पातळ असते, ऊब मिळते. आंघोळीनंतर कातडी जराशी ओलसर असताना, किंवा बिनवासाचं खोबरेल वा मॉइश्चरायझर हाताला लावून त्यावर लावलं तर जास्त टिकतं. दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर लावलेलं अत्तर रात्रीपर्यंत का दरवळतं याचंही कारण तेच: अंगात तेल जिरलेलं असतं. उटण्यातला नागरमोथा, वाळा आणि कापूरकाचरी यांचा मागे राहिलेला मंद वासही त्याला पाया देतो.

जुनी पद्धत फायाची आहे. कापसाचा छोटा बोळा अत्तरात बुडवून कानाच्या वळीत ठेवायचा. कातडीला तेल फारसं लागत नाही आणि वास दिवसभर मंद येत राहतो. कानाच्या छिद्रात मात्र सारू नका.

मनगटं एकमेकांवर चोळली तर वास मोडतो, हे खरं का?

रेणू मोडत नाहीत. चोळल्याने ऊब येते आणि वरचे हलके वास लवकर उडून जातात, एवढंच. टेकवा आणि सोडून द्या.

स्प्रेच्या बाटलीवर ओ द पर्फ्यूम, ओ द तोआलेत, कोलोन असं काय काय लिहिलेलं असतं?

त्यात सुगंधी तेलाचं प्रमाण किती आहे त्याचा तो अंदाज. ढोबळमानाने पर्फ्यूममध्ये १५ ते २० टक्के, तोआलेतमध्ये ५ ते १५ आणि कोलोनमध्ये २ ते ४ टक्के. कंपन्या हे आकडे आपापल्या सोयीने ताणतात, म्हणून लेबलावर विसंबू नका. कोलोन हे नाव जर्मनीतल्या कोलोन शहरावरून आलं. फारिना घराण्याने तिथे १७०९ मध्ये धंदा सुरू केला. लिंबू-संत्र्याचं ते हलकं पाणी तासाभरात उडायचंच असतं, त्याने टिकावं ही अपेक्षा ठेवू नये.

जास्त प्रमाण म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. लिंबाच्या वासाचा दाट पर्फ्यूम पुष्कळदा औषधी लागतो, तोच हलक्या प्रमाणात ताजा वाटतो.

डिओ आणि पर्फ्यूम यांत फरक काय?

डब्यातल्या गॅसवाल्या डिओत ब्यूटेन, प्रोपेन असे ज्वलनशील वायू असतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही याच जातीचे वायू असतात. म्हणून तो इतका गार लागतो आणि म्हणूनच देवघरातल्या समईजवळ, पेटत्या गॅसजवळ, दिवाळीत पणत्यांजवळ कधीही मारू नये. अल्कोहोलचा स्प्रेही पेट घेतो. अँटीपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घाम कमी करतात. पर्फ्यूम घाम रोखत नाही आणि घामाच्या वासावर मारला तर दोन्ही वास वाढतात.

हे गुलाब खऱ्या फुलांचं आहे का?

दर शनिवारी कुणीतरी विचारतं. या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, तो द्या.

उत्तर प्रदेशातल्या कनौजला अजूनही तांब्याच्या मोठ्या डेगेत फुलं आणि पाणी घालून खाली लाकूड-शेणींचा जाळ करतात. डेगेचं तोंड मातीने बंद करतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून पाण्यात ठेवलेल्या लांब मानेच्या भांड्यात जाते, त्यात चंदनाचं तेल असतं. त्या भांड्याला भपका म्हणतात. मराठीत आपण एकदम उठलेल्या वासाला भपका म्हणतो, तो शब्द आणि हे भांडं यांचं नातं मला नेहमी विचारात पाडतं. दिवसामागून दिवस ताजी फुलं घालून त्याच चंदनात वाफ मुरवत जातात. चंदन न वापरता काढलेल्या शुद्ध तेलाला रूह म्हणतात. कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

आता हिशेब करा. एक किलो गुलाबाचं तेल काढायला साधारण साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात. चंदनाचं तेल तर स्वतःच महाग. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांच्या कुपीत "चंदनावर काढलेला शुद्ध गुलाब" असूच शकत नाही. तिथे गुलाबाचे रेणू एकत्र जुळवलेले असतात आणि पायाला डायप्रोपिलीन ग्लायकॉल किंवा पातळ पॅराफिन असतं.

जुळवलेलं म्हणजे वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. ऊर्ध्वपातनात गुलाबाचा फिनाइल इथाइल अल्कोहोल हा महत्त्वाचा घटक बराचसा पाण्यातच राहतो, गुलाबपाण्यात जातो. म्हणून खऱ्या गुलाबाच्या तेलाला ताज्या फुलासारखा वास येत नाही. मधासारखा, किंचित मसालेदार येतो. "हे गुलाबासारखं नाहीये" म्हणून लोक खरं तेल बाजूला ठेवतात आणि जुळवलेलं उचलतात. दोघांतलं काहीही घ्या, पण खऱ्याचे पैसे देऊन जुळवलेलं घेऊ नका. मी विकताना सांगते कुठलं कुठलं आहे. जो दुकानदार हे सांगायला तयार नसेल त्याच्याकडून महाग कुपी घेऊ नका.

सोनचाफा, रातराणी, पारिजातक या नावांच्या स्वस्त कुप्या बहुतेक जुळवलेल्याच असतात. कस्तुरीचंही तसंच. कस्तुरीमृगाला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार संरक्षण आहे, त्यामुळे "अस्सल कस्तुरी" कुणी देऊ केली तर घेऊ नका. कस्तुरीचा वास प्रयोगशाळेत बनतो आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. सी. भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुगंधी तेलांवर पुष्कळ काम केलं. लाखेतून मिळणाऱ्या ॲल्युरिटिक आम्लापासून कस्तुरीच्या वासाचे रेणू तयार करण्याचं कामही त्यांतलंच. विद्यापीठाच्या चौकातून पाषाण रस्त्याला वळताना मला दर वेळी हे आठवतं.

मोगऱ्याच्या अत्तराला डांबरगोळीसारखा वास येतो. भेसळ आहे का?

उलट, तो इंडोलचा वास असू शकतो आणि इंडोल खऱ्या मोगऱ्यात असतोच. संध्याकाळी गजरा घेतलात की गोड वास येतो. रात्री उशाशी ठेवून सकाळी हुंगलात तर त्यात काहीतरी जड, थोडं घाणेरडंही मिसळलेलं असतं. तेच इंडोल. थोड्या प्रमाणात तो नसेल तर मोगरा साबणासारखा लागतो. अत्तर लावून तासभर थांबा, तो इतर वासांत विरतो. नाहीच सहन झाला तर चमेलीऐवजी गुलाबाकडे वळा, कारण चमेलीतही तो आहे.

"ऊद" मागितलं तर दुकानदाराने भलतंच दिलं. कुणाचं चुकलं?

कुणाचंच नाही. मराठी घरात ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायचा, लोबानासारखा धूर देणारा डिंक. उदबत्तीतला ऊद तोच. स्प्रेच्या बाटलीवर लिहिलेला ऊद हा अरबी शब्द आहे, त्याचा अर्थ अगरूचं लाकूड. आसामात होणाऱ्या अगरूच्या झाडाला बुरशी लागली की ते आत काळं, राळेसारखं लाकूड तयार करतं. त्याचं तेल म्हणजे हा ऊद. पहिला वास अनेकांना गोठ्यासारखा किंवा औषधासारखा लागतो. दोन तासांनी तो मऊ, लाकडी, किंचित गोड होतो. ज्यांनी पहिल्या मिनिटाला तोंड वाकडं केलं, त्यांतले काही संध्याकाळी परत आलेले मी पाहिले आहेत.

पहिल्या पावसाचा वास कुपीत मिळतो का?

मिळतो. कनौजला भाजलेल्या मातीचे तुकडे डेगेत घालून ती वाफ चंदनात मुरवतात, त्याला मिट्टी अत्तर म्हणतात. या वासाला पेट्रिकोर हे नाव इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दिलं. त्यात जिओस्मिन नावाचा रेणू असतो, तो मातीतले जिवाणू बनवतात आणि आपल्या नाकाला तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही कळतो.

अंगावर मिट्टी अत्तराची पहिली पाच मिनिटं विलक्षण असतात, सिंहगडाच्या पायथ्याशी जूनमध्ये उभं राहावं तशी. मग मातीचा भाग मागे सरकतो आणि चंदन उरतं. माती दिवसभर टिकावी या अपेक्षेने घेऊ नका. कागदावर किंवा सुती रुमालावर ती जास्त वेळ राहते.

दोन वासांच्या मध्ये कॉफीच्या बिया हुंगाव्यात का?

गरज नाही. कॉफी हाही एक तीव्र वासच आहे. बाहेर रस्त्यावर या, किंवा स्वतःच्या बाहीचा, बिनवासाच्या कापडाचा वास घ्या. एका बैठकीत तीन-चारच्या वर वास घेऊ नका.

पैठणीवर, मोत्याच्या नथीवर स्प्रे मारला तर?

कृपा करून मारू नका. अत्तराचं तेल रेशमावर डाग पाडतं आणि तो सहज जात नाही. स्प्रेने जरीची तार काळवंडते. मोती अल्कोहोलने आणि आम्लाने निस्तेज होतात, नथ असो की तन्मणी. आधी अत्तर लावा, दहा मिनिटं जिरू द्या, मग साडी नेसा आणि दागिने सगळ्यांत शेवटी घाला. हळदीकुंकवाला अत्तर लावायचं तर हाताच्या मागच्या बाजूला लावा, पदर जपून.

पांढऱ्या कपड्यांचं वेगळंच. व्हॅनिला असलेले वास हवेने तपकिरी होतात आणि पांढऱ्या कुडत्यावर पिवळट डाग राहतो. सुती अस्तरावर किंवा रुमालावर मारा.

अंगावर पुरळ आलं. अत्तर तर नैसर्गिक आहे ना?

नैसर्गिक असल्यानेही पुरळ येऊ शकतं. लिनॅलूल, लिमोनिन हे घटक फुला-फळांतच असतात आणि हवेशी संयोग होऊन जुने झाले की कातडीला जास्त झोंबतात. नवीन कुपी घेतलीत तर कोपराच्या आत थेंबभर लावून दोन दिवस बघा. बर्गमॉट आणि लिंबाच्या काही तेलांत असे घटक असतात जे कातडीवर ऊन पडलं की लाल करतात आणि नंतर महिनोन्महिने काळे डाग ठेवतात. दुपारी बाहेर जायचं असेल तर मानेवर असली तेलं लावू नका. पुरळ वाढत असेल तर कातडीच्या डॉक्टरांकडे जा, जाताना कुपी सोबत न्या. तान्ह्या बाळाला काहीही लावू नका.

अत्तरात अल्कोहोल असतं का?

पारंपरिक अत्तरात नाही. रोल-ऑनवर "अत्तर" लिहिलं असलं तरी घटक वाचून घ्या.

एखाद्या वासाने समोरचा माणूस आकर्षित होतो, असं जाहिरातीत सांगतात.

माणसात असा काम करणारा फेरोमोन, म्हणजे समोरच्याला ओढणारं शरीरातलं रसायन, आजवर सिद्ध झालेला नाही. ते पैसे चांगल्या वाळ्यावर घाला.

कुपी किती वर्षं टिकते? माझी आंबट झाली.

उजेड, ऊब आणि हवा या तिघांनी वास बिघडतो. खिडकीतल्या आरशापुढे मांडलेली बाटली, स्कूटरच्या डिकीतला रोल-ऑन, न्हाणीघरातलं फडताळ या सगळ्या वाईट जागा. लिंबू-संत्र्याचे स्प्रे सगळ्यांत आधी जातात, त्यांना टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागतो. अर्धी रिकामी बाटली भरलेल्यापेक्षा लवकर बिघडते, कारण आत हवा जास्त. रंग गडद झाला म्हणजे बिघडलं असंच नाही. व्हॅनिला आणि मोगरा गडद होतातच. हुंगून ठरवा.

चंदन, वाळा आणि पाच यांचं उलट आहे. नीट ठेवली तर वर्षांनी ती गोल, मऊ होतात. सासऱ्यांनी बाजूला ठेवलेली वाळ्याची एक कुपी माझ्याकडे आहे. तांब्याच्या डेगेत काढल्याने तिला हिरवट झाक आहे आणि नव्या वाळ्यातली कच्च्या मातीची धार तिच्यात उरलेली नाही. ती विकायची नाही, पण ज्याला समजून घ्यायचं असेल त्याच्या मनगटाला मी लावते.

लग्नासाठी एकच वास निवडायचा आहे. कसा निवडू?

तारखेच्या महिनाभर आधी या, आदल्या दिवशी नको. तीन कुप्यांचे फाये कागदात बांधून घरी न्या. एका दिवशी एकच, सकाळपासून रात्रीपर्यंत, रोजची कामं करताना लावा. स्वयंपाक करताना, घाम आल्यावर, गर्दीत तो कसा लागतो ते बघा. मांडवात हेच सगळं होणार आहे, वर होमाचा धूर आणि गळ्यात फुलांचा हार. हारात निशिगंध असेल तर तीव्र फुलांचं अत्तर लावू नका, दोघं भांडतात. अशा वेळी चंदन किंवा हलका वाळा हाराला जागा देतो. जोडीदारालाही हुंगायला द्या, पुढचा अनुभव त्यांनाच येणार आहे.

रिकामी कुपी परत घेता का?

काचेची असेल तर घेतो, धुऊन वापरतो. पण माझं ऐकाल तर लगेच आणू नका. बूच काढून ती साड्यांच्या कपाटात, सुती पिशवीत गुंडाळून ठेवा, कापडाला थेट लागू न देता. तळाशी राहिलेलं चंदन कितीतरी महिने येत राहतं. मागच्या आठवड्यात एक बाई आईच्या कपाटातून सापडलेली अशीच कुपी घेऊन आल्या आणि आत काय होतं ते ओळखायला सांगितलं. फुलाचा मागमूस नव्हता. मी कुपी तळहातात दोन मिनिटं धरून गरम केली, मग हुंगली. हिना होता.